हलका

डेल्मीरोने भट्टीपासून दोन पावलं बाजूला येऊन
तो माझ्या तळहातावर ठेवला.
"जड वाटतो?"
वाटलाच नाही. लोण्याच्या रंगाची लाकडी मूठ,
तापल्या सळईने तिच्यावर ओढलेली नागमोडी रेघ,
पातं मिटलं की जाडी एकावर एक तीन नाण्यांची.
"किती द्यायचे?"
"एक नाणं. फुकट दिलेला चाकू मैत्री कापतो,
आणि पुऱ्या किमतीला तू घेणार नाहीस."
खरं होतं. मी पाच सेंटचं दिलं.

एकोणीस वर्षं मी तारामुंदीच्या वरच्या वाड्यांवर टपाल वाटते.
एकोणीस वर्षं खिशात फेर्मीनमामाचा चाकू,
बैलाच्या शिंगाच्या मुठीचा, बेडकासारखा फुगीर.
चार विजारींचे खिसे त्याने खाल्ले.
उजव्या मांडीवर त्याचं अंग उमटलंय,
आंघोळ करताना हात लागतो तिथे.
बसले की टोचायचा, वाकले की टोचायचा,
मामा जिवंतपणी बोलायचा तसा:
मुद्द्याचं, पण सारखं.

नवा, पहिल्या दिवशी, मी तीनदा चाचपला.
आहे. आहे. आहे.
ओबदूलियाबाईंच्या पार्सलची सुतळी त्याने
अशी सोडवली, जणू तिला सुटायचंच होतं.
पेरची साल एका लांब फितीत उतरली.
बाई म्हणाल्या, "बायकी आहे जरा."
त्यांच्या एप्रनच्या खिशातला
कोयत्याचा लहान भाऊ शोभला असता.

मंगळवारी काहीच कापलं नाही.
बुधवारी नुसती विजेची बिलं.

गुरुवारी ब्रेसच्या उतारावर
नायलॉनच्या जाळीत मेंढी, गळ्यापर्यंत अडकलेली.
पात्याने दोन दोर तोडले, तिसऱ्यावर ते थबकलं,
मेंढीने हिसडा दिला
आणि ते मिटलं, माझ्या तर्जनीवर.
त्याला खटका नाही. डेल्मीरो बसवत नाही.
"खटका आला की माणूस विचार करायचं सोडतो."
मी करत होते विचार.
मेंढी करत नव्हती.
उरलेली जाळी गाडीतून मामाचा आणून कापली,
डाव्या हाताने, मेंढीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

मग शुक्रवार. ओव्हिएदोचं कोर्ट,
मामाच्या चेस्टनटच्या राईची वाटणी.
"खिशात धातूचं काही?" पहारेकऱ्याने विचारलं.
"नाही," म्हणाले, शपथेवर म्हणाले असते,
आणि यंत्र किंचाळलं.
चाकू प्लास्टिकच्या ट्रेमध्ये गेला,
हातात एक्केचाळीस नंबरचा बिल्ला आला.
मामाचा असता तर दारापाशीच टोचून आठवण दिली असती.
जड चाकू आपली काळजी आपण घेतो.
हलक्याची, आपल्याला घ्यावी लागते.

आत किंतीन, माझा भाऊ, समोरच्या बाकावर.
सहा वर्षांत पहिल्यांदा एका खोलीत.
वकिलाने नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढली.
एकाही झाडाला कळलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर त्याने कागदातून चीज काढलं
आणि न बघता हात पुढे केला,
लहानपणी मामापुढे करायचा तसा.
मी हातावर हा ठेवला.
"मोठा कुठाय?"
"गाडीत."
"मग रोज हा?"
"बघतेय."
त्याने एक पातळ काप काढला, मग आणखी पातळ,
दुसरा माझ्याकडे सरकवला.
माझ्या बोटावरची पट्टी त्याने पाहिली, विचारलं नाही.
"चीजला चांगला आहे," म्हणाला,
पातं विजारीला पुसलं, मिटलं,
आणि सवयीने स्वतःच्याच खिशात टाकलं.

घाटात, दुसऱ्या गिअरवर, मी खिसा चाचपला.
नाही.
गाडी वळवायला जागा होती. वळवली नाही.
किंतीनचं नाणं द्यायचं राहिलंय.
रविवारी मागायला जावं लागेल.